नागपूरहून डर्बीला: घोड्यांच्या शर्यतीची सहल भेट द्यायची असेल तर

घोडा दिसला की रस्त्यात थांबून त्याच्याकडे बघत राहणारं माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याच्या साठीला किंवा निवृत्तीला शाल-श्रीफळाच्या पलीकडचं काहीतरी देता येतं. फेब्रुवारीत मुंबईला होणाऱ्या इंडियन डर्बीची सहल द्या. नागपुरात असे लोक पुष्कळ आहेत. कुणी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेलं, कुणी पोलिसांत किंवा एनसीसीत घोड्यावर बसलेलं, कुणी आजोळी टांग्याचं घोडं बघत मोठं झालेलं. जन्मभर घोड्यांविषयी भरभरून बोलतात, पण रेसकोर्सच्या आत पाऊल टाकलेलं नसतं, कारण तिथे फक्त जुगारी जातात अशी घरात समजूत.

हा लेख अशा माणसांच्या मुलामुलींसाठी, सुना-जावयांसाठी आहे. तुम्ही स्वतः एकही रेस पाहिली नसेल तरी चालेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या: डर्बी साधारण अडीच मिनिटांत संपते. भेट म्हणून जे द्यायचं, ते त्या अडीच मिनिटांच्या आधी द्यावं लागतं. थोडी माहिती, भरपूर वेळ, आणि घोडा जवळून पाहता येईल अशी जागा.

आधी कुठली रेस ते ठरवा

महाराष्ट्रात रेसकोर्स दोन, मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुण्याचा पावसाळ्यातला, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत.

महालक्ष्मीचं मैदान १८८३ पासूनचं आहे आणि इंडियन डर्बी तिथे १९४३ पासून धावते. पहिली डर्बी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नावाच्या घोडीनं जिंकली, मालक होते बडोद्याचे महाराज. अंतर २४०० मीटर. धावतात ते फक्त चार वर्षांचे घोडे आणि घोड्या. शर्यतीच्या घोड्यांचं वय आपल्याकडे १ जानेवारीपासून मोजतात, प्रत्यक्ष जन्म कुठल्याही महिन्यातला असो. याचा अर्थ असा की प्रत्येक घोड्याच्या वाट्याला डर्बी आयुष्यात एकदाच येते. यंदा ताप आला, पाय लचकला, शर्यत सुटण्याचं दार उघडताना बिचकला, तर पुढच्या वर्षी परत येता येत नाही. ज्याला घोडे कळतात त्याला ही एकच गोष्ट सांगा, तो तिकिटाची किंमत विचारणार नाही.

डर्बी सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. तरी क्लबचं त्या हंगामाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय काहीही बुक करू नका.

ज्यांना सहल द्यायची त्यांना गर्दी सोसत नसेल, गुडघे दुखत असतील, तर डर्बीचा हट्ट धरू नका. मुंबईतला एखादा साधा रविवार किंवा पुण्याचा पावसाळी शनिवार-रविवार जास्त सुखाचा होतो. ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत आहे, सकाळी बसलं की रात्री पुण्यात. हैदराबादचं मलकपेट रेसकोर्स तर नागपूरहून रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपासच. पण पैलवान-गडी असतील, चालता-फिरता येत असेल, तर डर्बीच. त्या दिवशीची हवाच निराळी असते.

सरप्राइज देऊ नका, लवकर सांगा

बाबांना स्टेशनवर नेऊन तिथे तिकीट हातात ठेवायचं, हा बेत कितीही मोहात पाडणारा असला तरी सोडून द्या. डिसेंबरातच सांगा. दोन महिने वाट बघणं हा या भेटीचा अर्धा भाग आहे. एका पाकिटात रेल्वेच्या तिकिटाची प्रत, मैदानाचा नकाशा आणि मागच्या डर्बीचा निकाल छापून घाला. मागच्या काही डर्बींचे व्हिडिओ इंटरनेटवर मिळतात, रात्री जेवण झाल्यावर एकेक लावा. रोज एक पुरे.

सोबत एखादी वस्तू द्यायचीच असेल तर दुर्बीण द्या. आठपट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास चाळीस-बेचाळीस मिलिमीटर असलेली घ्या. दहा-बारापट दाखवणारी दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण वयस्कर हातात ती हलते आणि धावता घोडा चौकटीत सापडत नाही. पुढे अंबाझरीवर पक्षी बघायलाही तीच उपयोगी पडेल.

जाणं-येणं

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यासाठी म्हणजे डिसेंबरचे पहिले दिवस. मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

जाताना शुक्रवारची रात्र धरा. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी नागपूर सोडते आणि सकाळी मुंबईत पोचते, दुरांतो रात्री निघते. शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी उतरायचं आणि दुपारी रेसला जायचं, हे तरुणांनी करावं. साठीच्या माणसाला त्यात डर्बीच्या वेळेपर्यंत डुलकी येईल.

आई-बाबांना खालचे बर्थ हवे असतील तर त्या दोघांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा. ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन जण असतील तरच लागू होतो. पुरुषांना वय ६० आणि स्त्रियांना ४५ पुरे.

परतीच्या तिकिटात एक मोठी खोच आहे. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सातच्या सुमाराला सुटते, डर्बी पाहून ती गाठायची तर जीव टांगणीला लागतो. दुरांतो सुटते मध्यरात्र उलटल्यावर, सव्वाबाराच्या आसपास. तेव्हा रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर तारीख सोमवारची हवी. रविवारची घेतलीत तर ती गाडी डर्बीच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. सगळ्यात चांगलं म्हणजे रविवारची रात्र मुंबईत काढून सोमवारी निघा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर, ज्यांच्याकडे दोन चालक आहेत त्यांनी गाडीचा विचार करावा. ज्येष्ठ सोबत असतील तर मी रेल्वेच घेईन.

राहायला दादर, परळ किंवा मुंबई सेंट्रलच्या बाजूला जागा बघा. मुंबईत कोणी आत्या-मावशी असेल तर त्यांच्याकडे संत्रा बर्फीचा डबा घेऊन उतरा, त्यांनाही डर्बीला घेऊन चला.

दादरहून महालक्ष्मी पश्चिम रेल्वेवर चर्चगेटच्या दिशेनं तिसरं स्टेशन: प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. जलद लोकल तिथे थांबत नाही, धिमी घ्या. रविवारी रेल्वेचा ब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा. सीएसएमटीच्या बाजूनं येणार असाल तर आता भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका आहे, महालक्ष्मीला तिचं स्टेशन आहे आणि लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. रेसच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका.

शनिवार रिकामा ठेवा. महालक्ष्मीचं देऊळ, हाजी अली, नेहरू विज्ञान केंद्र, सगळं रेसकोर्सच्या आसपासच आहे. सकाळी लवकर उठणारी मंडळी असतील तर गेटवर चौकशी करा. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मैदानाचा काही भाग खुला असतो आणि त्या वेळी घोड्यांचा सराव चालतो. रिकाम्या मैदानावर, कोवळ्या उन्हात धावणारा घोडा बघणं आणि गर्दीत बघणं, यात फार अंतर आहे.

प्रवेश आणि पोशाख

मैदानात बसण्याचे वेगवेगळे भाग असतात. सदस्यांचा भाग वेगळा, तिथे सदस्याच्या ओळखीशिवाय जाता येत नाही आणि पोशाखाचे नियम कडक असतात. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ग्रँडस्टँड आहे, तिकीट काढून कुणालाही जाता येतं. डर्बीच्या दिवशीची तिकिटं कशी आणि कुठे मिळणार, हे क्लब जानेवारीत जाहीर करतो ते पाहा. मोबाइल, कॅमेरा, दुर्बीण आत नेण्याचे नियम आणि लहान मुलांना प्रवेश आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. ज्येष्ठांसाठी सावलीतली, पाठ टेकता येईल अशी जागा मिळते का, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.

डर्बीला लोक नटून येतात, बायकांच्या मोठ्या टोप्या हे तर त्या दिवसाचं वैशिष्ट्य. तुम्ही इस्त्रीचा शर्ट-पँट, छान साडी किंवा सलवार-कुडता घातला की झालं. उंच टाचा नकोत, हिरवळीत रुततात. नागपूरच्या थंडीतून जाताना स्वेटर गाडीपुरताच घ्या, मुंबईत दुपारी घाम येतो.

घरीच रेसबुक वाचायला शिका

रेसच्या एक-दोन दिवस आधी धावणाऱ्या घोड्यांची अंतिम यादी येते. ती छापून घ्या आणि दोघं मिळून वाचा. प्रत्येक घोड्यापुढे क्रमांक, रंग, वय, आई-बाप, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन आणि सुटताना उभं राहायचं दार, एवढं लिहिलेलं असतं. शिवाय मागच्या शर्यतींत तो कितवा आला तेही. याच माहितीची पुस्तिका म्हणजे रेसबुक.

दिवसभरातल्या बऱ्याचशा शर्यती हँडिकॅप असतात, म्हणजे सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवून सगळ्यांना बरोबरीत आणायचं. डर्बीत तसं नसतं. सगळे घोडे एकाच वजनानं धावतात, फक्त घोड्यांमधल्या माद्यांच्या पाठीवर थोडं कमी वजन असतं. म्हणून डर्बी जिंकलेला घोडा त्या पिढीतला खरा अव्वल मानतात.

मागच्या शर्यती बघताना अंतराकडे लक्ष द्या. डर्बीआधी डिसेंबरात इंडियन २००० गिनीज होते, ती १६०० मीटरची. तिथे वाऱ्यासारखा सुटलेला घोडा २४०० मीटरला शेवटच्या टप्प्यात ढेपाळू शकतो. आई-बापांपैकी कोणी लांब पल्ल्याचं होतं का, हे शोधण्यात पशुवैद्यकातून निवृत्त झालेल्या माणसाची एक अख्खी संध्याकाळ आनंदात जाते. जॉकी आणि ट्रेनरचीही नावं लक्षात ठेवा. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही शर्यत आठ वेळा जिंकली आणि नंतर ट्रेनर म्हणूनही मोठं नाव कमावलं. अशा दोन-चार गोष्टी माहीत असल्या की मैदानावरच्या गप्पांत सामील होता येतं. रेसकोर्सवरचे जुने लोक नवख्याला समजावून सांगायला हौसेनं तयार असतात.

यादी वाचून झाली की ज्यांना भेट देताय त्यांना एक घोडा निवडायला सांगा. आपला असा एक घोडा असला की डर्बी वेगळीच दिसते.

मैदानावर: रिंगणापाशी उभे राहा

दुपारी पहिल्या शर्यतीच्या आधीच पोचा. एकूण शर्यती आठ-दहा असतात आणि दोन शर्यतींच्या मध्ये साधारण अर्धा तास. डर्बी दिवस कलताना असते. सगळ्या शर्यती बघायच्याच असं नाही. मधे बसा, खा, पाणी प्या.

प्रत्येक शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे कठडा घातलेल्या रिंगणात, फिरवतात. नवखे लोक ही जागा सोडून थेट स्टँडमध्ये जाऊन बसतात आणि दिवसातला सगळ्यांत चांगला भाग गमावतात. शंकरपटात जोडी सुटायच्या आधी जाणकार माणूस धावपट्टी सोडून बैलांभोवती फिरत असतो ना, तसंच इथे कठड्याला टेकून उभं राहायचं. घोडा तुमच्यापासून काही हातांवरून जातो. खराऱ्यानं चकाकलेली कातडी, तिच्याखाली ताणल्या जाणाऱ्या शिरा, नाकपुड्यांतून येणारा फुरफुराट, सगळं जवळून.

माझ्या एका काकांची उभी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली. ते पॅडॉकपाशी गेले आणि पहिली दहा मिनिटं कुणाशी बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, 'मागचा पाय बघ, पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतोय.' मी पाहिलं तर खरंच, चालताना त्या घोडीचा मागचा खूर पुढच्या खुराच्या जागेच्या वीतभर पुढे टेकत होता. अंगात सैलपणा आणि पल्ला असल्याची ही खूण. तुम्हीही हेच बघा. कान पुढे टवकारलेले आहेत की मागे पाडलेले? त्याला सांभाळणाऱ्या मोतद्दाराबरोबर शांत चालतोय की त्याला ओढतोय? मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आलाय का? दुपारच्या उन्हात मानेवर थोडा घाम चालतो, पण नुसतं चालूनच अंगावर फेस येणारा घोडा धावण्याआधीच आपली ताकद संपवत असतो.

मग जॉकी येतात, ट्रेनरशी दोन शब्द होतात, मोतद्दार हाताचा आधार देऊन त्यांना खोगिरावर चढवतो. हा मोतद्दार घोड्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत सांभाळणारा माणूस. आपला घोडा जिंकून परत येतो तेव्हा त्याचा चेहरा जरूर बघा.

पैशांचं काय

पैज लावलीच पाहिजे असं अजिबात नाही. न लावताही दिवस पूर्ण होतो. पण लावायची असेल तर भेटीतच एक पाकीट ठेवा, त्यात लहान नोटा. ते पैसे गेले असं धरूनच चला आणि पाकीट संपलं की खिशात हात घालायचा नाही, हे आधी बोलून घ्या. मैदानावर उत्साहात ठरवलेली रक्कम कधीच पुरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, म्हणून परवाना असलेल्या मैदानावर पैज कायदेशीर आहे. १८ वर्षांखालच्यांना मनाई. टोट म्हणजे मैदानावरची पैजेची खिडकी. तिथे लावलेले सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्यामुळे नेमके किती मिळणार ते खिडकी बंद होईपर्यंत ठरत नाही. बुकमेकरकडे, म्हणजे स्वतः भाव देऊन पैजा घेणाऱ्याकडे, मात्र पैज लावताना जो भाव असेल तोच पक्का. नवख्यानं टोटवरच जावं आणि फक्त दोन प्रकार लावावेत: 'विन', म्हणजे घोडा पहिला यायला हवा, आणि 'प्लेस', म्हणजे पहिल्या ठरावीक क्रमांकांत आला तरी चालतो. खिडकीवर शर्यतीचा क्रमांक, घोड्याचा क्रमांक, प्रकार आणि रक्कम एवढंच सांगायचं. तनाला, जॅकपॉट वगैरे गुंतागुंतीच्या पैजांच्या मागे पहिल्या दिवशी लागू नका.

सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि दहा हजारांवर जिंकलात तर ३० टक्के कर तिथेच कापला जातो. यातून पैसे कमवायचा विचार मनात आणू नका. मैदानाबाहेर, फोनवर, कुणाच्या 'आतल्या खबरी'वर तर एक रुपयाही नाही. घरात कुणाला जुगाराचा नाद लागून गेलेला असेल तर पाकिटाचा भागच वगळा, किंवा ही सहलच देऊ नका.

डर्बी

डर्बीचे घोडे पॅडॉकमध्ये येण्याआधीच कठड्यापाशी जागा धरा, गर्दी होते. तुमचा घोडा आणि जॉकीच्या कपड्यांचे रंग नीट पाहून घ्या. लांबून क्रमांक दिसत नाही, रंग दिसतो. मग शेवटच्या सरळ टप्प्यासमोर येऊन उभे राहा.

ट्रॅकची एक फेरी साधारण २४०० मीटरचीच, त्यामुळे डर्बी म्हणजे जवळजवळ अख्ख्या मैदानाची प्रदक्षिणा. पहिली दीड मिनिटं दुर्बीण लावा. आपला घोडा पुढे नाही म्हणून निराश होऊ नका, चांगले जॉकी घोड्याचा दम राखून ठेवतात. शेवटचं वळण आलं की दुर्बीण खाली करा आणि नुसत्या डोळ्यांनी बघा. आधी स्टँडमधला आरडाओरडा वाढतो, मग त्याच्याही वर खुरांचा आवाज येतो आणि तो पायांखालच्या जमिनीतूनच जास्त कळतो.

या टप्प्यात जॉकी चाबूक वापरतात. नियमांनी त्यावर मर्यादा आहेत, तरी मुक्या जिवावर प्रेम असलेल्याला ते बघणं जड जातं. कधी घोडा जखमी होतो. ज्यांना भेट देताय त्यांच्याशी याविषयी घरीच मोकळेपणानं बोला. त्यांना नको वाटलं तर सकाळचा सराव आणि घोड्यांची पैदास होते असा एखादा स्टड फार्म पाहायला जाणं हाही तितकाच चांगला बेत आहे.

घोडे रेषा ओलांडून गेले तरी पैजेचं तिकीट फाडू नका. अगदी जवळची शर्यत असेल तर फोटो पाहून निकाल देतात. जॉकींचं वजन पुन्हा केलं जातं, कुणी कुणाला अडवल्याची तक्रार असेल तर तिची चौकशी होते. अधिकृत निकालाची घोषणा झाल्यावरच जिंकलेलं तिकीट खिडकीवर न्या.

त्यानंतर लगेच गेटकडे पळू नका, बाहेर टॅक्सीसाठी झुंबड असते. आधी विजेता घोडा परत येताना बघा, मग पुढची शर्यत होऊ द्या आणि गर्दी ओसरल्यावर मेट्रोनं निघा. निघताना एक कोरं रेसबुक मागून घ्या, आणि ज्यांना भेट दिली त्यांनाच त्यावर तारीख आणि आपल्या घोड्याचा क्रमांक लिहायला सांगा.